फॅमिली गाडीला थोडासाच लिफ्ट द्यायचाय, स्पेसर की स्प्रिंग की नुसते टायर?

चाकोरीबाहेर

मंडळी सल्ला हवाय. घरात एकच गाडी आहे, पाच सीटर, मोनोकॉक बॉडीची (म्हणजे वेगळी चेसिस नसलेली) ऑल व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण लिहिलं की अर्धे लोक "ही घेतलीतच कशाला" वर सुरू होतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. आठवडाभर ही गाडी शाळा, ऑफिस, आईला दवाखान्यात नेणं-आणणं हेच करते आणि महिन्यातून एक-दोनदा आम्ही चौघं, तंबू, पाण्याचे कॅन, बाकी सगळा पसारा घेऊन कच्च्या रस्त्यांवर जातो. दगडांवर चढाई वगैरे काही नाही, पण ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्या, मध्ये गवताचा उंचवटा, एखादा ओढा, असं सगळं असतं.

मागच्या वेळी दोनदा पोट टेकलं, एकदा तर असा खर्रर्र आवाज आला की मागून मुलगी म्हणाली बाबा गाडी तुटली का. तेव्हापासून लिफ्टचं, म्हणजे गाडी थोडी उंच करून घ्यायचं खूळ डोक्यात आहे.

आकडे असे: कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स २०० एमएम, व्हीलबेस २६७०, टायर २२५/६० आर१७. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे मल्टिलिंक (चाक अनेक दांड्यांनी धरलेलं), आणि मागे स्प्रिंग वेगळी शॉकअप वेगळा असं आहे. एका गॅरेजवाल्याने सांगितलं ५० एमएमचे स्पेसर, म्हणजे सस्पेन्शनमध्ये घालायच्या जाड चकत्या, टाकू, अर्ध्या दिवसात गाडी परत. दुसरा म्हणतो ३० च्या पुढे मी हात लावणार नाही, का ते मात्र त्याने नीट सांगितलं नाही. कोणाचं ऐकू? गाडी रोजची आहे, ती खडखडाट करायला लागली तर घरात मला कोणी उभं करणार नाही.

ग्रीसचे_हात

५० विसरा. आणि ३० चं पण आज ठरवू नका. आधी एक टेप घ्या आणि मोजा.

जमिनीपासून नाही मोजायचं, टायरमधली हवा कमीजास्त असली की तो आकडा हलतो. चाकाच्या मधोमध जी टोपी असते तिच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं, चारही चाकांना. एकदा गाडी रिकामी असताना आणि एकदा सहलीला निघता तशी भरून, माणसं आत बसवून, अगदी पाण्याच्या कॅनसकट. हे दुसरं माप कोणी घेत नाही आणि खरी गोम तिथेच असते. बहुतेक फॅमिली गाड्या रिकाम्या असताना ठीकठाक उंच असतात, भरल्या की मागून बसतात, आणि आपण कच्च्या रस्त्यावर जातो ते भरूनच. २०० एमएम हा कंपनीचा आकडा तुमच्या सामानासकट नसतो हो.

दुसरं, गाडीखाली झोपून टॉर्च मारा आणि कुठे खरवडलंय ते बघा. पुढचा बंपर, चेंबरखालचं (इंजिन ऑइलच्या टाकीखालचं) प्लास्टिक, मधला सायलेन्सर पाइप की मागची टो हुकाची बाजू. या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

मागचे शॉकअप सेल्फ लेव्हलिंग नाहीत ना तेही पाहून घ्या. निव्होमॅट टाइपचे असले तर गाडी थोडी चालली की शॉकअप आतल्या आत पंप होऊन मागची बाजू स्वतःच वर येते. त्यात गाडीचा काही भार शॉकअप उचलतो म्हणून स्प्रिंग मऊ दिलेली असते, तिथे नुसता साधा शॉकअप टाकला तर मागून गाडी बसकण मारते, स्प्रिंगपण बदलावी लागते.

अर्धीहवा

लिफ्टच्या आधी टायर!! दरवेळी हेच लिहितो आणि दरवेळी कोणी ऐकत नाही, असो.

२२५/६० आर१७ चा बाहेरचा व्यास येतो साधारण ७०२ एमएम. २२५/६५ आर१७ घेतला तर ७२४. म्हणजे व्यासात २२ चा फरक आणि गाडी त्याच्या निम्मी उचलली जाणार, ११ एमएम. कमी वाटतंय ना, पण ही ११ एमएम एकदम स्वच्छ आहेत, ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलत नाही, शॉकअपचा प्रवास कमी होत नाही, अलाइनमेंट बिघडत नाही. मीटर ३ टक्के कमी दाखवेल, म्हणजे काटा १०० वर असताना खरे १०३ असतील, तेवढं लक्षात ठेवायचं. शिवाय साइडवॉल १३५ चा १४६ होतो, तो दगडावर जास्त दबतो, रिम वाचते, आणि हवा कमी करून चालवायला जागा मिळते.

आणि हवा कमी करा हो! रस्त्यावर ३३ पीएसआय असेल तर खडकाळ कच्च्यावर २४-२५, मऊ वाळूत १८ पर्यंत, वेग अगदी कमी ठेवून, आणि डांबरीवर यायच्या आधी परत भरायची. छोटा कॉम्प्रेसर डिक्कीत हवाच. मी सहा वर्षं स्टॉक उंचीवर फिरतोय, अडकलो ते दोनदाच आणि दोन्ही वेळा चूक माझी.

एक मात्र तपासा, मॅकफर्सनला स्प्रिंगची खालची वाटी टायरच्या अगदी डोक्यावर असते. लिफ्ट केला म्हणून तिथली जागा वाढत नाही, कारण ती वाटी चाकाबरोबरच खाली-वर होते. मोठा टायर तिथे घासणार असेल तर कितीही उचला, घासणारच. बोट घालून बघा किती फट आहे.

उंटावरचा_शहाणा

मी स्वतःच्या गाडीत ५० एमएम टाकून बसलेला. माझ्याकडून ऐका, फुकट आहे.

माझी पण अशीच गाडी, पुढे मॅकफर्सन, मागे मल्टिलिंक. पुढे ५० चे स्पेसर स्ट्रटच्या डोक्यावर, मागे स्प्रिंगखाली ३० चे. म्हटलं मागे जरा कमीच ठेवू. गाडी जॅकवरून उतरवली तर मागून ४५ उठलेली! नंतर कळलं की मागे स्प्रिंग चाकाच्या बरीच आत, आर्मवर बसलेली असते, म्हणून स्प्रिंगखाली ३० टाकले की चाकापाशी त्याच्या दीडपट होतात. गॅरेजवाल्यालाही माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच.

पहिले दोन महिने छाती फुगवून फिरलो. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ६० च्या आसपास स्टिअरिंग नाही पण सीट थरथरायला लागली. चाकं बॅलन्स केली, परत केली, इंजिन माउंट बदलला, काही नाही. शेवटी एका जुन्या मिस्तरीने गाडी वर घेऊन दाखवलं, ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समधून असा तिरका खाली येत होता की बघूनच पोटात गोळा आला. आतला जॉइंट एवढ्या कोनात कायम फिरायला बनवलेलाच नसतो. बाहेरचा जॉइंट बराच कोन सोसतो कारण त्याला स्टिअरिंग वळल्यावरही काम करायचं असतं, आतल्याचं काम मुख्यतः आत-बाहेर सरकण्याचं. नंतर एका बाजूच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटला, ग्रीस सगळं रिमच्या आत उडालं, मी उशिरा पाहिलं, तोपर्यंत आत माती जाऊन वळणावर टकटकटक सुरू. दोन्ही शाफ्ट गेले.

आणि ज्यासाठी केलं ते? उलट आधी जो आडवा चर गाडी आरामात पार करायची तिथे माझी दोन चाकं हवेत. त्याचं कारण ग्रीसवाले सांगतील, मला अजून नीट समजावता येत नाही.

आता ५० काढून ३० वर आलोय, सुखी आहे. आयडी मात्र तोच ठेवलाय, आठवण म्हणून.

सरळसोट

गाडी विका आणि लॅडर फ्रेमवाली (शिडीसारख्या वेगळ्या चेसिसची) खरी ४x४ घ्या. क्रॉसओव्हर उंच करून ती जीप होत नाही.

मागची_सीट

सरळसोट, त्यांना शाळेत पण सोडायचंय मुलांना. आणि लॅडर फ्रेमला सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर) असेल तर तिथे सस्पेन्शन लिफ्टने डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लाडू वर येतच नाही, तो चाकांना बांधलेला, त्याला टायरच मोठा लागतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत डिफ बॉडीला लटकलेला असल्यामुळे सगळंच वर येतं. तेवढ्यापुरती क्रॉसओव्हर पुढे आहे म्हणा की.

बाकी मला यांत्रिकी फार कळत नाही, माझा अनुभव मागच्या सीटवरचा. आमच्याकडे नवऱ्याने हौसेने अति कडक स्प्रिंगा टाकल्या, दीडशे किलो कायम सामान असणाऱ्यांसाठीच्या. सहलीला झकास. रोज मात्र गाडी रिकामी असते, आणि रिकाम्या गाडीत मागे बसलं की प्रत्येक जोडाजोडावर मणका मोजला जायचा. मूल झोपलेलं असलं तर ते उठायचं. सासूबाईंनी मागे बसायचंच सोडून दिलं. म्हणून स्प्रिंग निवडताना गाडीत *कायम* काय असतं ते सांगा, वर्षातून चारदा काय असतं ते नको.

आणि तुमच्या आई गाडीत कशा चढतात? गुडघे दुखत असतील तर ३० एमएम पण जाणवतं. बोलून बघा त्यांच्याशी, पैसे खर्च व्हायच्या आधी.

चाकोरीबाहेर

बाप रे, एवढं अपेक्षित नव्हतं. सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी घरच्यांना गाडीत बसवून टेप घेऊन फिरलो, शेजारी गॅलरीतून बघत होते.

रिकामी: पुढे ४०५, मागे ४१०.
भरलेली: पुढे ३९८, मागे ३६२.

मागून ४८ एमएम बसते!! मला वाटलं होतं वीसेक असेल. सेल्फ लेव्हलिंग नाही, साधे शॉकअप आहेत. खरवडल्याच्या खुणा मधल्या पाइपच्या जोडावर आणि त्याच्या मागे, पुढचा बंपर साफ आहे. चेंबरच्या खालच्या प्लास्टिकला दोन ओरखडे. टायर आणि वाटीच्या मध्ये माझी दोन बोटं जातात, नीट दोन.

आईला विचारलं. ती म्हणाली मला गाडीपेक्षा तुझ्या रस्त्यांचीच जास्त भीती वाटते. हे उत्तर आहे की नाही माहीत नाही.

स्पेसर आणि स्प्रिंग मधला फरक मात्र अजून डोक्यात बसत नाहीये. उंची दोन्हीत ३० च वाढणार ना? मग अर्ध्या दिवसाचं काम सोडून एवढा खटाटोप का?

ग्रीसचे_हात

आता मजा आली. खुणा मध्ये आणि मागे आहेत, बंपर साफ, म्हणजे तुमचं दुखणं मधल्या उंचवट्याचं आहे, ज्याला ब्रेकओव्हर अँगल म्हणतात. मागून ४८ आणि पुढून ७ बसली की मध्यावर साधारण २७ गेले. म्हणजे तुमची २०० ची गाडी त्या दिवशी १७३ ची होती. ढोबळ हिशोब केला तर २६७० व्हीलबेसला २०० वर १७ अंशाचा उंचवटा पार होतो, १७३ वर १५ पण नाही. बघा, काही न बदलता नुसत्या सामानाने दोन अंश खाल्ले.

म्हणून तुम्हाला मुख्यतः मागची स्प्रिंग हवीये. चौथाईने जास्त कडक स्प्रिंग घेतली तर तेच ओझं ४८ ऐवजी ३८ बसवेल. त्याहून कडक नको, वरती मागची सीटबाईंनी का ते लिहिलंच आहे. स्प्रिंगा विकणारे भारानुसारच विकतात, म्हणजे कायम भार नाही, कायम ५० किलो, १०० किलो असं. तुमचा कायम भार शून्य आहे, त्यामुळे सगळ्यात हलकी जी लिफ्टवाली येते ती.

आता स्पेसर आणि स्प्रिंग. नीट वाचा, यात दोन प्रकारचे स्पेसर आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

एक, स्ट्रटच्या डोक्यावर, बॉडी आणि स्ट्रटच्या मध्ये बसणारा. यात आख्खा स्ट्रट खाली सरकतो. शॉकअपला काही कळतच नाही, तो आपल्या जागी तसाच, खाली-वर प्रवास तेवढाच, राइड तीच. पण चाक जेव्हा पूर्ण लटकतं तेव्हा ते आधीपेक्षा ३० एमएम *अजून* खाली जातं, आणि ड्राइव्ह शाफ्ट, बॉल जॉइंट, ब्रेकचा होज, एबीएसची वायर या सगळ्यांना त्या नव्या टोकापर्यंत ताणलं जावं लागतं. ज्या कोनात गाडी कंपनीने कधी नेली नव्हती तिथे तुम्ही नेता. २०-२५ मध्ये बहुतेक गाड्या हे निभावतात, ३० ला गाडीगणिक बघावं लागतं, ५० ला शहाणासाहेबांचा शाफ्ट आठवा.

दोन, स्प्रिंगच्या खाली-वर बसणारा स्पेसर, किंवा उंच स्प्रिंग. यात स्ट्रट जागेवरच राहतो आणि स्प्रिंग गाडीला त्यावर वर ढकलते. चाक लटकायची सीमा तीच, म्हणून शाफ्ट कधी नव्या टोकाला जात नाही, फक्त रोजचा कोन थोडा वाढतो. तोटा असा की समजा आधी गाडी उभी असताना चाकाला खाली लटकायला ८० एमएम होते, तर आता उरले ५०. खड्ड्यावरून चाक खाली गेलं की शॉकअप पूर्ण उघडून टक्कन आपटतो, स्पीडब्रेकरनंतर ऐकू येतं. आणि आडव्या चरात जिथे एक चाक खाली पोचायला हवं तिथे ते हवेत राहतं. शहाणासाहेबांच्या गाडीच्या मागच्या बाजूला नेमकं हेच झालं, स्प्रिंग उचलली, शॉकअप जुनाच. गाडी उंच झाली पण चाकं जमीन सोडायला लागली, आणि उघड्या (लॉक नसलेल्या) डिफच्या गाडीत चाक हवेत म्हणजे ताकद हवेत. मग सगळं ट्रॅक्शन कंट्रोलच्या भरवशावर.

म्हणून खरं काम म्हणजे उंच स्प्रिंग *आणि* तिला जुळणारा शॉकअप, ज्याचा प्रवास तसा ठरवलेला आहे. कडक स्प्रिंगला जुना दमलेला शॉकअप लावला तर ती आवरत नाही, गाडी नावेसारखी डुलते. ओल्ड मॅन इमू, आयबाख अशा सस्पेन्शनवाल्या कंपन्यांचे तुमच्या गाडीसाठी जोडीने मिळणारे सेट असले तर तेच घ्या, नसतील तर निदान स्प्रिंग आणि शॉकअप एकाच ठिकाणाहून, एकमेकांसाठी सांगून घ्या.

तर माझा सल्ला: पुढे-मागे ३०, त्याहून एक एमएम नाही, स्पेसरवर स्पेसर अजिबात नाही.

नवा_चालक

मधेच विचारतो, ४० का नाही? ३० आणि ५० च्या मधलं. आणि ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मागे जाणारा लांब शाफ्ट पण तिरका होतो ना?

ग्रीसचे_हात

लांब प्रोपेलर शाफ्ट नाही होत. इंजिन-गिअरबॉक्स पण बॉडीला, मागचा डिफ पण सबफ्रेममधून बॉडीलाच, दोन्ही एकत्र वर जातात. तिरके होतात ते चाकांकडे जाणारे आखूड शाफ्ट. ४० वर जायचं तर मग सबफ्रेम खाली उतरवायचे पॅकिंग, मागच्या चाकाला कमानीत परत मध्ये आणायला ट्रेलिंग आर्मचे पॅकिंग, स्टिअरिंग कॉलमचा जॉइंट तपासणं, ही सगळी वरात निघते. होतं, लोक करतात, पण ती रोजची शाळेची गाडी राहत नाही.

उंटावरचा_शहाणा

नव्या चालका, मी पण अगदी हाच प्रश्न विचारला होता. मला उत्तर मिळालं "काही होत नाही हो".

अर्धीहवा

दोन बोटं फट असेल तर २२५/६५ बसेल, ११ एमएम त्रिज्या वाढली तरी राहते थोडी. पण आधी एकच चाक लावून पूर्ण वळवून, डावीकडे उजवीकडे, मग चारही घ्या. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला पुढच्या बाजूला लागू शकतो.

आणि मधल्या पाइपच्या जोडाला मार बसतोय तर लिफ्टनेही तो एखाद दिवशी बसणारच. चेंबरखाली जाडसर अ‍ॅल्युमिनियम पत्रा टाका, तेल काढायच्या बोल्टपाशी भोक ठेवून, नाहीतर दरवेळी ऑइल बदलायला पत्रा खोलत बसाल. सायलेन्सर मात्र झाकू नका, तापतो, आणि सुकं गवत अडकलं तर भलतंच.

ग्रीसचे_हात

बसवताना दोन गोष्टींसाठी तिथे स्वतः उभे राहा. लोअर आर्म आणि मागच्या लिंकचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना फायनल टाइट करू देऊ नका. आतला रबर बुश दोन्ही बाजूंनी चिकटवलेला असतो, तो पिळून फिरतो. लटकलेल्या अवस्थेत आवळला तर गाडी खाली ठेवल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. बोल्ट सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून सोडायची, मग टाइट. गॅरेजच्या लिफ्टवर उभी करून काम केलं की हेच विसरतात.

दुसरं, टाइट व्हायच्या आधी पुढची दोन्ही चाकं लटकवून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवायला लावा आणि होज, वायर, बूट बघा. काही ताणलेलं दिसलं तर क्लिप सरकवून मोकळीक द्या. चाक हाताने फिरवा, कुठे अडकतंय का.

मग अलाइनमेंट, आणि परत महिन्याभराने, कारण नवीन स्प्रिंग थोडी बसते. उचललं की खालचा आर्म बाहेरून खाली झुकतो, त्याने चाकाचा खालचा भाग आत ओढला जातो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) पॉझिटिव्हकडे जातो, टो (चाकांची आत-बाहेरची दिशा) पण हलतो. टो सगळे नीट करतात, कॅम्बर सीमेबाहेर असेल तर कॅम्बर बोल्ट लागतील. तो न करता "चालतंय" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, टायर बाहेरून खाल्ला जाईल आणि अर्धीहवा तुम्हाला शिव्या देतील.

मागची_सीट

विमा कंपनीला कळवून लेखी घ्या, आणि तुमच्याकडे असा बदल कुठवर चालतो त्याचा नियम पण बघा. वॉरंटी असेल तर विचारून. कंटाळवाणं आहे पण अपघातानंतर हे कागद शोधण्यापेक्षा बरं. आणि वर सामानाचा बॉक्स लावत असाल तर पार्किंगची उंची एकदा मोजा, आमचं एकदा झालंय, जास्त विचारू नका.

चाकोरीबाहेर

दीड महिन्याने येतोय, काम झालं आणि दोन सहली पण झाल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

पुढे-मागे ३० चा सेट घेतला, स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, मागे हलका भारवाला. टायर २२५/६५, एक चाक लावून बघितलं, आतल्या प्लास्टिकला पूर्ण वळणावर किंचित लागत होतं, हीट गनने तेवढा भाग आत दाबला. चेंबरखाली पत्रा. लोअर आर्मच्या बोल्टवरून मिस्तरीशी थोडं वाजलं, तो म्हणाला पंधरा वर्षं असंच करतोय, मी म्हटलं आज माझ्यासाठी वेगळं करा. केलं शेवटी, चहा मात्र मला पाजावा लागला.

आता मापं: रिकामी पुढे ४३४ मागे ४४०, आणि भरून पुढे ४२८, मागे ४०३. म्हणजे मागून ४८ ऐवजी ३७ बसते, ग्रीसवाल्यांनी ३८ सांगितलं होतं! टायरचे ११ धरून हिशोब केला तर भरलेली गाडी मध्यावर १७३ वरून २२० च्या आसपास आली. पत्र्याने चेंबरपाशी त्यातले थोडे परत घेतले ते वेगळं. त्याच गवताच्या उंचवट्यावरून गेलो, मुलीने श्वास रोखून धरला होता, काही नाही, नुसतं गवत घासलं.

वाईट बाजू पण लिहितो. मायलेज थोडं पडलंय, टायरचा आवाज ७० च्या वर ऐकू येतो. वळणावर गाडी आधीपेक्षा जरा जास्त कलते, दोन-तीन दिवस हात बिचकत होता, आता वेग कमी ठेवायची सवय झाली. रिकामी असताना मागे थोडी कडक आहे पण मणका मोजत नाही.

आणि एक गोष्ट इथे कोणीच सांगितली नव्हती!! पहिल्या रात्री समोरचा प्रत्येक जण मला डिपर मारत होता. मला वाटलं चुकून हाय बीम राहिला. नंतर कळलं की माझ्या हेडलाइटला आपोआप लेव्हल करणारा सेन्सर मागच्या आर्मवर आहे, मागची बाजू वर आली म्हणजे गाडीने नाक खाली केलं असं समजून तो दिवे वर उचलत होता.

ग्रीसचे_हात

अरे हो, राहिलंच की ते. चूक माझी. त्या सेन्सरची छोटी दांडी असते, काहींची लांबी जुळवता येते, नाहीतर स्कॅनरने शून्य परत सेट करायचं. काचेमागे कॅमेरा असलेली गाडी असेल तर त्याचं पण कॅलिब्रेशन, ते दिव्यापेक्षा महत्त्वाचं, लेन आणि ब्रेकची सगळी भिस्त त्यावर असते.

चाकोरीबाहेर

दांडीच होती, मिस्तरीने दहा मिनिटांत जुळवली. कॅमेरा नाहीये माझ्या मॉडेलला.

उंटावरचा_शहाणा

अभिनंदन. महिन्यातून एकदा चाकाच्या आत वाकून बूट बघत जा, बोटाला ग्रीस लागलं तर लगेच. बूट स्वस्त असतो, शाफ्ट नाही.

मागची_सीट

आणि आई?

चाकोरीबाहेर

दाराच्या खाचेत अडकवायची छोटी पायरी आणलीये. पहिल्याच दिवशी तिच्यावर पाय ठेवून वर चढली, बसली, आणि म्हणाली की आता खिडकीतून शेजाऱ्यांच्या कुंपणापलीकडचं दिसतं. तेव्हापासून पुढची सीट तिचीच.